यादवीच्या गोष्टीतली परकरी पोर

'गृहयुद्ध' हा शब्द मराठीत बराच अलीकडचा. त्याआधी आपल्याजवळ 'यादवी' हा शब्द होता, आणि तो एका कथेतून आलेला असल्यामुळे अधिक बोलका आहे. प्रभासक्षेत्री यादव एकमेकांना मारून संपले, एवढे मौसलपर्व सर्वांना ठाऊक असते. त्या पर्वाचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. उरलेल्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना घेऊन अर्जुन द्वारकेबाहेर पडतो. वाटेत पंचनदाच्या प्रदेशात आभीर त्याला गाठतात. गांडीव पेलवत नाही, अस्त्रे आठवत नाहीत, आणि अर्जुनाच्या डोळ्यांदेखत स्त्रिया नेल्या जातात. काही बळाने नेल्या गेल्या, काही आपण होऊन गेल्या, अशीही नोंद तिथे आहे. शब्दाच्या मूळ कथेतच असे दोन अंक आहेत: पुरुषांचे युद्ध, आणि ते संपल्यावर बायकांवर आलेला प्रसंग. आपल्या बोलण्यात फक्त पहिला अंक शिल्लक राहिला.

मराठवाड्याच्या १९४७-४८च्या इतिहासाकडे पाहताना आम्हांला या दोन अंकांची वारंवार आठवण होते. यादवीत वाढणाऱ्या मुलीची कथा सांगणारे चित्रपट जगात अनेक आहेत. आपल्या घरच्या यादवीवर तसा चित्रपट मराठीत आमच्या पाहण्यात नाही. निर्मात्यांना विषय सुचवण्याचा आमचा अधिकार नाही व हेतूही नाही. अशी एक मुलगी मध्यभागी ठेवली, तर आपण लिहिलेल्या इतिहासातले कोणते कप्पे मोडतात, एवढाच येथे प्रश्न आहे.

त्यासाठी आम्ही बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव हे गाव डोळ्यांसमोर ठेवतो. त्या गावात काय घडले याचा हा वृत्तान्त नव्हे. गाव निवडले ते दोन कारणांनी. एक त्याचे नाव. मराठी मुलखात वडगावे उदंड. ती ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाला काहीतरी जोड लागते. इथे ती जोड 'युसूफ' आहे. शेजारचे अंबाजोगाई निजामी कागदोपत्री मोमिनाबाद होते, ते पुन्हा अंबाजोगाई झाले. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही जिल्ह्यांची नावेही २०२३ साली बदलली. दुसरे कारण जागेचे. केज, अंबाजोगाई आणि कळंब यांच्या परिसरातला हा मुलूख. पश्चिमेला बार्शी, म्हणजे ब्रिटिश हद्दीतला सोलापूर जिल्हा. आग्नेयेला लातूर, म्हणजे कासिम रझवी याने जिथे वकिली केली ते गाव. हद्द ओलांडून पळून जावे इतकी जवळ, आणि जिथून दहशत निघते ती पेठही फार लांब नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगू. ती वाचकांना परिचित आहे. हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते, त्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी भाषकांचे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील झाला नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने आंदोलन सुरू केले. हेच स्वामीजी पूर्वी मोमिनाबादच्या योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक होते. या टापूतील अनेकांना ते पुढारी म्हणून कळण्याआधी 'गुरुजी' म्हणून कळलेले होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी 'जैसे थे' करार झाला. रझवीच्या नेतृत्वाखाली मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन आणि तिचे रझाकार यांचा जोर वाढत गेला. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसची सशस्त्र शिबिरे उभी राहिली. करोडगिरीची नाकी मोडणे, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे जाळणे, लेव्हीला विरोध, शिंदीची झाडे तोडणे असे कार्यक्रम झाले, आणि त्यांचा सूड म्हणून गावे लुटली, जाळली गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हद्दीत शिरले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, १८ला जनरल एल इद्रूस याने मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे ती रीतसर पत्करली.

या काळाला तीन नावे आहेत. पुस्तकात 'मुक्तिसंग्राम', कचेरीत 'पोलीस ॲक्शन', आणि गावात 'रझाकारी'. तिन्ही नावे खरी आहेत, आणि 'यादवी' हे चौथे नाव सुचवताना आम्ही त्यांतले एकही पुसू इच्छीत नाही. राज्य कोणाचे आणि ते कोणाला जबाबदार, हा हैदराबादचा लढा न्याय्य होता याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु न्याय्य लढाही गावाच्या पातळीवर उतरतो तेव्हा तो शेजाऱ्यांमध्ये लढला जातो. खबर देणारा गावचा, घर दाखवणारा गावचा, लपवणाराही गावचाच. दिल्ली आणि हैदराबाद यांच्यामधला वाद असे त्याचे वर्णन एखाद्या वाड्यात वा वस्तीत बसून करता येत नाही.

आता ती मुलगी. समजा ती अकरा-बारा वर्षांची आहे. मराठवाड्यातल्या वृद्ध स्त्रिया आपले वय सालांत सांगत नसत. 'रझाकारात मी परकरी होते', किंवा 'रझाकारात माझ्या मांडीवर थोरला होता' असे सांगत. या बोलण्यात परकर आणि पदर यांच्यामधली जी अरुंद पट्टी आहे, तिच्यात आमची मुलगी उभी आहे. मुलगी वयात येण्याला आपण 'पदर येणे' म्हणतो. शांततेच्या काळात हा घरातल्या बायकांचा आपसांतला विषय. यादवीत तो साऱ्या घराच्या धास्तीचा विषय होतो, कारण पदर आलेली मुलगी ही राखण्याची वस्तू ठरते, आणि राखायची म्हणजे लपवायची, हद्दीपलीकडे नातलगांकडे धाडायची, किंवा घाईने उजवून टाकायची. १९२९चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानी मुलखात तो लागू नव्हता, हेही लक्षात ठेवावे. अशा मुलीची वाढ म्हणजे तिला परवानगी असलेली जागा दिवसेंदिवस कमी होत जाणे. नदी बंद, मग शेत बंद, मग आडावर एकटीने जाणे बंद, मग अंगण. जगाच्या साहित्यात मुलाचे मोठे होणे घर सोडून बाहेर पडण्याच्या प्रवासाने दाखवतात. इथे त्याच काळात मुलीचे जग आत मिटत जाते.

मुलांच्या बाजूने हा काळ मराठीत उत्तम लिहिला गेला आहे. नरहर कुरुंदकरांचा जन्म १९३२चा, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये ते सोळा वर्षांचे होते. पुढे हैदराबादच्या प्रश्नाची त्यांनी केलेली मांडणी आजही अभ्यासकाला टाळता येत नाही. अनंत भालेराव त्यांच्याहून वडील, प्रत्यक्ष लढ्यातले. 'पेटलेले दिवस' आणि 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' ही त्यांची पुस्तके या विषयाचा पाया आहेत. त्या पिढीतले मुलगे चळवळीत गेले आणि चळवळीचे इतिहासकार झाले. मुलींच्या वाट्याला उल्लेख आले. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव आज आदराने घेतले जाते. पण त्यांना 'मराठवाड्याची झाशीची राणी' म्हटले, की बाई इतिहासात येते ती घोड्यावर बसूनच, असा समज पक्का होतो. रात्री-अपरात्री आलेल्या माणसांना भाकरी थापून देणाऱ्या मुलीला घोडा नव्हता.

तेलंगणात स्थिती थोडी वेगळी झाली. तिकडच्या सशस्त्र लढ्यातील स्त्रियांच्या मुलाखती 'स्त्री शक्ती संघटना' या गटाने घेतल्या आणि त्यांचे पुस्तक १९८०च्या दशकात तेलुगूत व नंतर इंग्रजीत निघाले. मल्लू स्वराज्यम यांच्यासारख्या, किशोरवयातच लढ्यात उतरलेल्या बाईंचे बोलणे तिथे नोंदले गेले. त्यातले महत्त्वाचे म्हणजे या स्त्रिया केवळ पराक्रम सांगत नाहीत. लढा संपल्यावर 'आता घरी जा' असे आपल्याच सहकाऱ्यांनी सांगितले, ते दुःखही त्या सांगतात. मराठवाड्यात असे पद्धतशीर संकलन वेळेवर व्हायला हवे होते. सोळा वर्षांची साक्षीदार आज नव्वदी ओलांडून गेलेली असणार.

कागदाचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर. स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन मिळवायचे तर तुरुंगवासाचा, भूमिगत कार्याचा किंवा शिबिरात असल्याचा पुरावा लागे. बीड जिल्ह्यात या पुराव्यांचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण २००५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शिबिराची पायरी न चढलेल्या पुरुषाला कागद सैनिक बनवू शकत होता. परकरी पोरीसाठी मात्र खोटा कागद करण्याचीही गरज कोणाला वाटली नाही.

चित्रपटाकडे वळू. दीपा मेहता यांचा १९९८चा 'अर्थ' (महेश भट्ट यांचा १९८२चा 'अर्थ' वेगळा) आम्हांला या संदर्भात सर्वांत उपयोगी वाटतो. बाप्सी सिधवा यांच्या 'आइस कँडी मॅन' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. लाहोर, १९४७. लेनी ही पारशी घरातली, पोलिओमुळे पायाला आधार बांधलेली आठ वर्षांची मुलगी. देश मोडता येतो का, हा तिचा प्रश्न. आणि तो विचारताना ती बशी फोडते. तिची आया शांता हिच्याभोवती बागेत हिंदू, मुसलमान, शीख मित्रांचा घोळका जमतो, थट्टामस्करी चालते, आणि पाहता पाहता तोच घोळका फाटतो. शेवटी जमाव दाराशी येतो. स्वयंपाकी शपथेवर सांगतो की आया निघून गेली. पण दिलनवाझ, तो बर्फाची कांडी विकणारा, लेनीला प्रेमाने जवळ घेऊन विचारतो, आणि लेनी खरे सांगते.

या दृश्याचे मोल करुणेत नाही. बालपण म्हणजे निरागस साक्ष, या भाबड्या समजुतीला ते छेद देते. मुलगी पाहते एवढेच नव्हे, तिच्या पाहण्याचे आणि बोलण्याचे परिणाम होतात. हैदराबाद संस्थानातल्या एखाद्या घरात, जिथला बाप किंवा भाऊ शिबिरात गेला आहे, तिथे दारात येणारा प्रत्येक प्रश्न हाच असणार: तुझा बाप कुठे गेला? खरे बोलावे हा संस्कार, आणि खरे बोललीस तर घर जळेल हा धडा, ही दोन्ही त्याच आईकडून मिळणार. यादवीत वाढणे म्हणजे खोटे बोलायला शिकणे, आणि कोणाशी खोटे बोलायचे याची यादी रोज बदलत जाणे. काल जिच्याबरोबर सागरगोटे खेळलो तिच्याशी आज काय बोलायचे नाही, हे लक्षात ठेवणे. स्पेनच्या यादवीनंतरच्या काळावरील व्हिक्टर एरिसे यांच्या १९७३च्या 'द स्पिरिट ऑफ द बीहाईव्ह'मध्ये घरातली मोठी माणसे जवळजवळ बोलतच नाहीत, आणि लहान आना त्या न बोलण्याचा अर्थ लावत बसते. आमच्या मते मराठवाड्याचा चित्रपट या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असेल.

पण 'अर्थ'मध्ये एक सोय आहे, जी आपल्याला नाही. लेनी पारशी आहे, म्हणून तिला दोन्ही बाजू पाहता येतात. युसूफ वडगावसारख्या गावात अशी तटस्थ खिडकी नाही. मुलगी कोणाची, हे ठरवावेच लागेल, आणि ते ठरवले की कथा कुठे संपवायची हा मोह सुरू होतो. हिंदू शेतकऱ्याची मुलगी घेतली, तर कथा १७ सप्टेंबरला संपते. बाप परत येतो, तिरंगा लागतो. मुसलमान शेतकऱ्याची वा कारागिराची मुलगी घेतली, तर तिची कथा त्याच आठवड्यात सुरू होते.

पोलीस कारवाईनंतर काय झाले हे पाहण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते १६पैकी ९ जिल्हे फिरले. त्यांचा अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नाही. २०१३ साली ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकात तो सविस्तर वाचायला मिळाला. कारवाईदरम्यान आणि नंतर मेलेल्यांचा समितीचा अंदाज २७ ते ४० हजारांचा आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून १८ हजार. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक यांत किमान ५ हजार. लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालल्या आणि सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरलेले आढळले, असे अहवाल म्हणतो. या आकड्यांविषयी मतभेद आहेत, सरदार पटेलांना समितीचे निष्कर्ष मान्य नव्हते. पण आम्हांला इथे आकड्यांपेक्षा अहवालातल्या दुसऱ्या ओळी महत्त्वाच्या वाटतात: बायका पळवल्या गेल्या, काही संस्थानाबाहेर सोलापूर-नागपूरसारख्या शहरांत नेल्या गेल्या. मौसलपर्वाचा उत्तरार्ध तो हाच. त्याच अहवालात असेही आहे की अनेक ठिकाणी हिंदूंनी जीव देऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, विशेषतः हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना. आणि पळवलेल्या बायका परत आणायला मदत केली.

रझाकारांच्या अत्याचारांचे ग्रंथ १७ सप्टेंबरला मिटतात. सुंदरलाल अहवालावर आधारलेले लेखन त्या तारखेपासून उघडते, आणि त्याआधीचे वर्ष दोन वाक्यांत आटोपते. दोन्ही बाजूंचे वाचक आपापला अर्धा भाग पाठ म्हणतात. पण बारा वर्षांची मुलगी १७ तारखेला झोपते आणि १८ला त्याच घरात उठते. मे महिन्यात जिच्या घरात ती लपली होती, त्या मैत्रिणीला सप्टेंबरात आपल्या कणगीमागे लपवायचे की नाही, हे तिला ठरवावे लागते. चित्रपटाला ही तारीख मध्यंतरापुरतीच घेता येईल.

तिसरी मुलगीही आहे. दलित वस्तीतली. २७ नोव्हेंबर १९४७च्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तान आणि हैदराबाद येथील अस्पृश्यांना धर्मांतराच्या दडपणाला बळी पडू नका, निजामाची वा इत्तेहादची बाजू घेऊ नका, असे आवाहन केले होते. ते करावे लागले यातच परिस्थितीची अडचण दिसते. बी. एस. व्यंकटराव यांच्यासारखे पुढारी निजामाच्या मंत्रिमंडळात होते. काही दलित रझाकारांत ओढले गेले होते. त्यामुळे या मुलीच्या वस्तीकडे आधी आणि नंतर, दोन्ही वेळी संशयाने पाहिले गेले. तिच्या दृष्टीने गावाचा मालक बदलला की नाही, हा १७ सप्टेंबरचा खरा प्रश्न. हिला नायिका केली तर मागच्या दोन्ही मुलींच्या कथा एकाच वेळी तपासून घेता येतील असे आम्हांला वाटते; पण कदाचित म्हणूनच हे धाडस सर्वांत अवघड.

प्रत्यक्षात काय घडले? गौतम घोष यांचा १९७९चा तेलुगू 'मा भूमि' कृष्णचंदर यांच्या कादंबरीवर आधारलेला, शेतकरी तरुणाच्या जागृतीची कथा सांगणारा, आणि आपल्या परीने थोर. त्याआधी १९७५ साली श्याम बेनेगलांचा 'निशांत' आला, पटकथा विजय तेंडुलकरांची. निजामी सरंजामशाहीत शिक्षकाची बायको पळवली जाते, आणि शेवटच्या उठावात तीही वाचत नाही. तेंडुलकरांनी मुक्तीच्या क्षणालाच हा प्रश्न विचारला, ही त्यांची खास निर्दय नजर. पुढे २०१५ साली राज दुर्गे यांचा मराठी 'रझाकार' आला, सिद्धार्थ जाधव यांना मुख्य भूमिकेत घेऊन. २०२४च्या तेलुगू 'रझाकार'ने फक्त पहिला अंक मोठ्या आवाजात सांगितला आणि शत्रुत्वाची उजळणी केली. या सर्वांत मुली आहेत, पण कोणीतरी वाचवण्यासाठी किंवा कोणीतरी सूड घेण्यासाठी.

भाषेचा एक मुद्दा राहतो, आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विशेष पाहावा. अशा चित्रपटातील संवाद कोणत्या मराठीत असतील? आजच्या मालिकांमधील 'ग्रामीण' मराठी इथे चालणार नाही. त्या मुलीच्या घरी जमाबंदी, फर्मान, गश्ती, अमीन, करोडगिरी हे शब्द शेताच्या बोलीइतकेच घरचे आहेत, आणि तिच्या मैत्रिणीच्या घरची दखनी मराठीला इतकी लगटून आहे की दोघींच्या सागरगोट्यांचे बोल नेमके कोणत्या भाषेतले हे सांगणे कठीण. 'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. गावात तो शिवी झाला, भीती झाली, आणि शेवटी कालगणनेचे एकक झाला.

जनगणनेच्या प्रगणकांना, वय माहीत नसलेल्या माणसाला त्या भागातल्या मोठ्या घटनांची आठवण देऊन वय ठरवण्याची सूचना असे. १९५१ साली प्रगणक मराठवाड्यातल्या दारांत उभे राहिले तेव्हा दुष्काळ, पटकीची साथ, पूर यांच्या जोडीला हीही एक खूण होती. आत चुलीपुढे बसलेल्या, एव्हाना लग्न झालेल्या मुलीचे वय घरातल्या कुणीतरी बाहेरून सांगितले असेल: रझाकारात परकरी होती, लिहा पंधरा.